नव्या सर्व्हरवरचं जुनं देणं

प्रश्न जुना आहे. एखाद्या वस्तूचे सगळे भाग एकामागून एक बदलले, तर शेवटी उरते ती वस्तू तीच म्हणायची का? ग्रीकांनी हा प्रश्न थीसिअसच्या जहाजावरून विचारला, बौद्धांनी त्याच्या जवळचाच एक रथावरून. मला तो एका सर्व्हरवरून पडला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो बुद्धीला धार लावायला उपयोगी पडत असेल. माझ्या कामात त्याच्या उत्तरावर कुणाच्या तरी दुधाचे पैसे अवलंबून असतात, म्हणून मी तो फार मनावर घेते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही गावांचं दूध संकलन ज्या सर्व्हरवर नोंदलं जातं, तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. पहाटे गावातल्या दूध संस्थेत किटल्या घेऊन माणसं रांगेला लागतात. दूध मापलं जातं, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढलं जातं, हातात पावती पडते. ती पावती छापणारं यंत्र त्याच वेळी ते आकडे आमच्याकडे पाठवतं. दहा दिवसांनी त्याच आकड्यांवरून बिल निघतं आणि दिवाळीला फरकाची रक्कमही त्यांच्यावरूनच ठरते. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला सर्व्हर कुठे आहे हे ठाऊक नसतं. आपलं साडेचार लिटर दूध कुठेतरी लिहिलं गेलंय, एवढं तिला पक्कं माहीत असतं.

ह्या सर्व्हरला दोन कनेक्टर आहेत. कनेक्टर म्हणजे सर्व्हरचा तो भाग, जो एका ठरलेल्या पोर्टवर बाहेरच्यांची वाट बघत असतो, आलेली विनंती वाचतो, ती नियमात बसते का ते तपासतो आणि मगच आतल्या प्रोग्रामच्या हवाली करतो. गावाला वेस असते, तसा. ८४४३ पोर्टवरचा कनेक्टर एचटीटीपीएसचा आहे, त्यावरून ब्राउझर आणि मोबाइल अ‍ॅप येतात. ८०८१ वरचा साध्या एचटीटीपीचा आहे. तो फक्त व्हीपीएनच्या आतल्या पत्त्यावर ऐकतो आणि त्यावरून संस्थांमधली जुनी यंत्रं बोलतात.

गेल्या काही वर्षांत ह्या सर्व्हरचं काय काय बदललं ते सांगते. सुरुवातीला तो टॉमकॅट ७ ह्या जावाच्या वेब सर्व्हरवर चालायचा. मग स्प्रिंग बूट १.५ हे फ्रेमवर्क आलं, त्याच्या पोटात टॉमकॅट ८.५. तोवर टॉमकॅटमधला जुना बीआयओ कनेक्टर, म्हणजे प्रत्येक जोडणीमागे एक थ्रेड अडकवून ठेवणारा, काढून टाकलेला होता. मार्च २०१८ मध्ये स्प्रिंग बूट २ आलं. दुसरा कनेक्टर जोडण्यासाठी आम्ही वापरत होतो तो ‘टॉमकॅट एम्बेडेड सर्व्हलेट कंटेनर फॅक्टरी’ हा क्लास त्यात उरला नाही, त्याच्या जागी ‘टॉमकॅट सर्व्हलेट वेब सर्व्हर फॅक्टरी’ आला. त्याला कारण होतं. दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हलेटशिवाय, म्हणजे वेब विनंत्या हाताळायच्या जावाच्या ठरलेल्या साच्याशिवाय, चालणारी रिअ‍ॅक्टिव्ह पद्धत आली, नेटीसारखा सर्व्हर आला, त्यामुळे सगळ्यांनाच सर्व्हलेट कंटेनर म्हणणं खरं राहिलं नाही. टॉमकॅटऐवजी जेटी हा सर्व्हर वापरणारे अशा बदलातून आधीच गेले होते. जेटी ९ मध्ये ‘सिलेक्ट चॅनल कनेक्टर’ गेला आणि ‘सर्व्हर कनेक्टर’ आला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं. जावा ईई ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं होतं, पण ‘जावाएक्स’ ह्या नावाखाली पुढचे बदल करायची मोकळीक त्याबरोबर मिळाली नव्हती. म्हणून ती पॅकेजेस ‘जकार्ता’ नावाखाली आली, आणि सर्व्हलेटशी संबंध असलेली आमची प्रत्येक फाइल उघडावी लागली. जावा ८ ची १७ झाली. मधल्या काळात खालचं यंत्रही बदललं आणि ऑपरेटिंग सिस्टिमही.

आता ह्यात जुनं काय राहिलं? तरी बैठकीत सगळे ‘आपला सर्व्हर’ असंच म्हणतात. कशाच्या आधारावर?

पहिलं उत्तर नैयायिकांकडून मिळतं. गौतमाच्या न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय आत्म्याच्या परीक्षेने सुरू होतो आणि त्यातली पहिलीच युक्ती इंद्रियांवर आहे. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू मी हाताने चाचपतो आणि ‘मी पाहिली ती हीच’ असं ओळखतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही. मग हे दोन अनुभव एका वस्तूचे आहेत, हे कोण ओळखतं? डोळाही नव्हे, त्वचाही नव्हे. दोघांच्या मागे दोघांहून वेगळा असा एक जाणणारा मानावा लागतो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात ही युक्ती नीट उलगडून दाखवली आहे, आणि मला ती आजही फार भक्कम वाटते.

आमच्या सर्व्हरवर ती रोज घडताना दिसते. सकाळी संस्थेतलं यंत्र ८०८१ वरून एका सभासदाचं दूध नोंदवतं. तासाभराने त्याच घरातला मुलगा पुण्यातून मोबाइलवर, म्हणजे ८४४३ वरून, आईचं आजचं दूध बघतो. हे दोन कनेक्टर एकमेकांना ओळखत नाहीत. तरी नोंद एकच आहे, ती दोन्हीकडून ओळखली जाते. म्हणजे कनेक्टरच्या मागे कनेक्टरहून वेगळं काहीतरी आहे आणि ते टिकून आहे. अपग्रेडच्या वेळी इंजिनिअर मंडळींना जो धीर असतो तो हाच. बिलाच्या हिशेबाला हात लावलेला नाही, डेटाबेस तोच आहे, बदललं ते फक्त बाहेरचं. डोळा गेला तरी पाहणारा शाबूत आहे.

स्प्रिंग बूट २.१ ची तयारी चालू असताना आम्ही एक जुनं यंत्र ऑफिसात आणून टेबलावर ठेवलं. नव्या आवृत्तीचा चाचणीचा सर्व्हर चालू केला आणि यंत्रावर एक नोंद घातली: सभासद १०४३, म्हैस, फॅट ७.२, एसएनएफ ९.१, साडेचार लिटर. यंत्राने नोंद पाठवली आणि त्याच्या दोन ओळींच्या पडद्यावर ४०० हा आकडा आला. मी आमच्या प्रोग्रामचा लॉग उघडला. त्यात काहीही नव्हतं. चूक नव्हती, इशारा नव्हता, कुणी येऊन गेल्याची खूणही नव्हती. टॉमकॅटच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र एक ओळ होती: विनंतीच्या पत्त्यात न चालणारं अक्षर सापडलं. आणि त्या ओळीला जोडून एक सूचना होती, की ह्यापुढच्या अशा चुका फक्त डीबग पातळीवर लिहिल्या जातील. डीबगचा लॉग चालू सर्व्हरवर बंद असतो. म्हणजे पहिल्या यंत्राची हाक एकदा नोंदली जाणार आणि बाकीच्या सगळ्या यंत्रांच्या हाका कुठेच नाहीत.

न चालणारं अक्षर म्हणजे उभी रेघ. हे यंत्र सभासद क्रमांक, फॅट, एसएनएफ आणि लिटर हे आकडे उभ्या रेघेने वेगळे करून पत्त्यातच जोडून पाठवतं. २००५ च्या आरएफसी ३९८६ ह्या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे ती रेघ तशीच्या तशी पाठवायला मुभा नाही, तिचं सांकेतिक रूप पाठवावं लागतं. यंत्र बनवणाऱ्याने ते केलं नव्हतं आणि टॉमकॅट बराच काळ अशा गोष्टींकडे काणाडोळा करत आला होता. २०१६ च्या अखेरीस त्याने तो थांबवला. मग जुन्या आवृत्तीत एका सेटिंगने अख्ख्या सर्व्हरला सूट देता यायची. स्प्रिंग बूट २.१ बरोबर येणाऱ्या टॉमकॅट ९ मध्ये ते सेटिंग राहिलं नव्हतं.

मी त्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिले. नैयायिकांचा जाणणारा आत शाबूत होता. बिलाचा हिशेब, सभासदांची यादी, आजवरची प्रत्येक पावती, सगळं जागेवर होतं. पण बाहेरच्या त्या यंत्राच्या दृष्टीने सर्व्हर नव्हताच. न्यायदर्शनच सांगतं की इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष झाल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञान होत नाही. मग आतल्याला हेही कळणार नाही की कुणीतरी दूध घेऊन आलं होतं. ‘मी तोच आहे’ ही आतल्याची खात्री बाहेर थांबलेल्याच्या काहीच कामाची नाही.

ज्या संस्थेतून ते यंत्र आणलं होतं, तिथल्या सचिवांना मी फोन केला. यंत्रात काही बदल करता येईल का, हे विचारायचं होतं. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, यंत्र तेच हाय, दूध तेच हाय. तुमच्याकडं काय बदललंय तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “काका, नियम कडक झालेत. तुमचं यंत्र पाठवतं ती खूण आता चालत नाही.”

“आजवर चालली न्हवं?”

“चालत होती.”

“मग आमचं काय चुकलं?”

त्यांचा तो प्रश्न मी अजून बाळगून आहे, कारण तो तांत्रिक नव्हता. आजवर चाललेली गोष्ट हे एक वचन असतं का? ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण त्याच्या भरवशावर गावोगावी यंत्रं बसली होती.

इथे मला ‘मिलिंदपञ्ह’ आठवतो. मिलिंद म्हणजे इंडो-ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. सागल ह्या त्याच्या नगरीत भिक्षू नागसेनाशी त्याचा संवाद झाला, असं हा पाली ग्रंथ सांगतो. त्यातला रथाचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि ह्या सगळ्यांहून वेगळा असाही रथ नाही. मला त्याच ग्रंथातले दुसरे दृष्टांत जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यांत प्रत्येक वेळी दोन माणसं भांडत राजासमोर येतात.

एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि म्हणतो, ह्याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. एक माणूस थंडीत शेकोटी पेटवतो, न विझवता निघून जातो आणि शेजाऱ्याचं शेत जळतं. तो म्हणतो, मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळलं ती वेगळी. आणि एक जण गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतो, ती घागर त्याच्याकडेच ठेवतो, उद्या नेतो म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुधाचं दही झालेलं असतं. तो म्हणतो, मी दही घेतलं नव्हतं, माझं दूध दे. गवळी म्हणतो, तुझ्याच दुधाचं हे दही झालंय. नागसेन विचारतो, महाराज, तुम्ही कुणाच्या बाजूने निकाल द्याल? राजा म्हणतो, गवळ्याच्या. कारण हे दही त्या दुधातूनच आलेलं आहे.

मूळ प्रश्न पुनर्जन्माचा आहे. जन्म घेणारा तोच नसेल, तर आधीच्या कर्माची फळं त्याने का भोगावीत? नागसेनाचं उत्तर असं, की तो तोच नाही आणि वेगळाही नाही. पण त्या प्रवाहातून आलेला असल्यामुळे तो आधीच्या कर्मातून सुटत नाही. आत न बदलणारा कुणी शोधत बसायची गरजच नागसेन ठेवत नाही. कोण कुणाचं काय देणं लागतं, एवढंच तो विचारतो. आंबे कुणाच्या झाडाचे, आग कुणी पेटवलेली, दही कुणाच्या दुधाचं.

माझ्या प्रश्नाची उकल मला इथे झाली. नवा सर्व्हर तोच आहे का, हे सर्व्हरच्या आत बघून ठरत नाही, आणि त्याच्या सुट्या भागांची यादी करूनही ठरत नाही. जुन्या सर्व्हरने ज्यांचं दूध लिहून घेतलं, ज्यांना आपल्यावर विसंबू दिलं, त्यांचं देणं नवा सर्व्हर मानतो का, ह्यावर ते ठरतं. मानलं तर तो तोच. नाही मानलं, तर डेटाबेस जुना असो, नाव जुनं असो, पत्ता जुना असो, तो परका आहे. एकरूपता हा आपल्याला सापडणारा गुण नाही. ती निभवावी लागते, आणि निभवणारं कुणीतरी माणूस लागतं.

ह्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला. ती उभी रेघ ज्यांनी चालू दिली, त्यांतलं आज इथे कुणी नाही. यंत्र कुणी घेतलं, रचना कुणी ठरवली, हेही कागदावर नाही. जे वचन मी दिलं नाही, त्याची बांधिलकी मला का? पण आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना नेमकी अशीच आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटलं आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ही ऋणं त्याने मागितलेली नसतात. तो ज्या प्रवाहात जन्मला त्याची ती असतात. मी ह्या सर्व्हरचं काम हाती घेतलं तेव्हा पासवर्डबरोबर त्याची देणीही माझ्याकडे आली. काम स्वीकारायचं आणि देणी नाकारायची, हा व्यवहार मला धर्माला धरून वाटत नाही.

मग सगळं जुनं जसंच्या तसं चालू ठेवायचं का? नाही. टॉमकॅटने नियम उगाच कडक केले नव्हते. सर्व्हर आणि त्याच्या पुढे बसलेला प्रॉक्सी हे दोघे एकच ओळ निरनिराळ्या अर्थाने वाचू लागले, तर मधल्या फटीतून एकाचं उत्तर दुसऱ्याला पोचवता येतं. जुनं तसंच चालू ठेवण्याचा धोका आणखी एकदा दिसला, तो फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाची त्रुटी उघड झाली तेव्हा. टॉमकॅटचा एजेपी कनेक्टर, म्हणजे पुढच्या प्रॉक्सीशी बोलणारा, वर्षानुवर्षं मूळ रचनेतच चालू असायचा, कुणाला त्याचं काही वाटत नसे, आणि त्यातून सर्व्हरवरच्या फाइली बाहेर वाचता येत होत्या. टॉमकॅट ९.०.३१ पासून तो मूळ रचनेत बंद झाला आणि चालू करायचा तर गुप्त संकेत बंधनकारक झाला. जुन्या सवयीचा मान राखायचा म्हणून हजारो सभासदांचे बँक खाते क्रमांक उघड्यावर ठेवणं, हेही देणं बुडवणंच आहे. सचिवकाकांचं मी जे देणं लागते, तेच त्या खातेदारांचंही लागते.

दोन देणी एकमेकांच्या आड आली की काय करायचं, ह्यासाठी आपल्याकडे आपद्धर्माचा विचार झालेला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्याचं स्वतंत्र उपपर्वच आहे. पण मला त्याहून छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट जवळची वाटते. कुरुदेशात पिकं नष्ट झाली होती. उषस्ती आपल्या बायकोसह भुकेने हिंडत एका हत्तीवाल्याच्या गावी आला. तो माणूस कुळीथ खात होता. उषस्तीने त्याच्याकडे अन्न मागितलं. तो म्हणाला, माझ्यापुढे आहेत हेच काय ते, दुसरे नाहीत. उषस्ती म्हणाला, त्यातलेच दे. त्याने ते उष्टे कुळीथ खाल्ले. मग त्या माणसाने पाणी पुढे केलं. उषस्तीने ते घेतलं नाही, म्हणाला, ते उष्टं पिणं होईल. त्या माणसाला नवल वाटलं: कुळीथ उष्टे नव्हते काय? उषस्तीने सांगितलं, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवं तिथे मिळेल.

नियम कधी मोडावा एवढंच ही गोष्ट सांगत नाही. तो नेमका किती मोडावा, हेही सांगते. जिवापुरता, त्याच्या पलीकडे एक घोटही नाही.

त्या यंत्रांसाठी आम्ही जे केलं ते ह्याच मापाने केलं. टॉमकॅटच्या नव्या आवृत्त्यांत कनेक्टरला एक गुणधर्म देता येतो, पत्त्याच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात कोणती अक्षरं सैलपणे चालवून घ्यायची ते सांगणारा. पूर्वीची सूट अख्ख्या सर्व्हरला लागायची, ही एकेका कनेक्टरला लागते. आम्ही ती फक्त ८०८१ ला दिली, आणि त्यात एकच अक्षर लिहिलं: उभी रेघ. महिरपी कंसही त्याच यादीत घालता आले असते, पण एकही यंत्र ते पाठवत नव्हतं. ८४४३ कडक राहिला. कोडमध्ये त्या ओळीवर ही सूट कुणासाठी आहे आणि कधी काढायची, हे मराठीत लिहून ठेवलं आहे.

आणि पाणी नाकारायची वेळही आली. टीएलएस १.० आणि १.१ हे जुने सुरक्षा-संकेत मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने अधिकृतपणे निवृत्त केले आणि एप्रिलमधल्या जावाच्या सुधारणांनी ते आपोआप बंद केले. काही जुन्या फोनवरून अ‍ॅप चालेना. सेटिंगमधली एक ओळ बदलून ते परत सुरू करता आलं असतं आणि तशी मागणीही झाली. आम्ही नाही म्हटलं. त्या सभासदांना छापील पावती मिळत होती, संस्थेत जाऊन हिशेब बघता येत होता. त्यांचं दूध नोंदलं जायचं थांबलं नव्हतं, फक्त ते फोनवर दिसायचं थांबलं होतं. उभ्या रेघेविना मात्र नोंदच झाली नसती. दोन्ही बदल कनेक्टरचेच, दोन्ही अडचणी जुन्या यंत्रांच्याच, पण देणं सारखं नव्हतं.

आणखी एक प्रकारचा बदल आहे, आणि विचार करायला तो सगळ्यांत अवघड. टॉमकॅट ७ मध्ये कनेक्टर पत्त्यातली अक्षरं मूळ रचनेत आयएसओ-८८५९-१ ह्या पश्चिम युरोपीय संकेताने वाचायचा. त्या संकेतात देवनागरी नाही. पत्त्यातून ‘शिरोळ’ हे तालुक्याचं नाव पाठवलं की त्यातल्या पाच चिन्हांचे युटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट होतात, आणि कनेक्टर ते पंधरा परकी अक्षरं म्हणून आत द्यायचा. मराठीत काम करणाऱ्या कित्येकांनी त्यावर आपापला उतारा शोधला होता: आत आल्यावर त्या पंधरा अक्षरांचे पुन्हा बाइट करायचे आणि ते युटीएफ-८ म्हणून वाचायचे, म्हणजे ‘शिरोळ’ परत मिळतं. आमच्या जुन्या कोडमध्येही तो उतारा होता. टॉमकॅट ८ पासून कनेक्टर मुळातच युटीएफ-८ वाचू लागला. मराठीसाठी ही न्यायाची गोष्ट झाली. पण चाचणीत तालुक्याच्या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं उमटली. आता ‘शिरोळ’ शुद्ध येत होतं आणि जुना उतारा त्या शुद्ध शब्दाला युरोपीय संकेतात कोंबायला बघत होता. त्या संकेतात मावत नाही त्या प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं.

इथे बदल बरोबर होता आणि आधीची अवस्था चूक होती. तरी बदलाने इजा झाली ती त्याच माणसांना, ज्यांनी चुकीच्या परिस्थितीत मराठी जिवंत ठेवायची धडपड केली होती. मला हे सर्व्हरपुरतं वाटत नाही. एखादी अन्यायाची रीत दूर होते तेव्हा तिच्याशी जुळवून घेऊन जगलेल्या माणसांची सगळी कौशल्यं एका दिवसात निरुपयोगी, कधी अपायकारकही ठरतात. सुधारणा करणाऱ्याने म्हणून सुधारणा थांबवायची नसते. पण जुळवून घेतलेल्यांना शोधून काढणं, त्यांना सांगणं आणि त्यांचा उतारा सन्मानाने उतरवून ठेवणं, हे सुधारणेचंच अंग आहे. आम्ही कोडमधला असा प्रत्येक उतारा हुडकून काढला, एकेक तपासला आणि मगच पुढे गेलो.

सांगण्याचं महत्त्व स्प्रिंग बूटच्या कर्त्यांना कळलेलं दिसतं. दुसऱ्या आवृत्तीबरोबर त्यांनी एक छोटा जोडभाग दिला. तो सर्व्हर सुरू होताना तुमची जुनी सेटिंग्ज वाचतो, कोणत्या सेटिंगचं नाव बदललं ते सांगतो आणि तेवढ्यापुरतं जुन्या नावाचं मूल्य नव्या नावाला लावून कामही चालवतो. ‘सर्व्हर’ खालचं ‘काँटेक्स्ट-पाथ’ हे सेटिंग आता ‘सर्व्हर’च्या आतल्या ‘सर्व्हलेट’ खाली गेलं आहे, असं तो बजावतो. आणि स्थलांतर झालं की मला काढून टाका, असंही त्याच्या कर्त्यांनी सांगून ठेवलं आहे. जुन्या माणसाला दारात अडवायचं नाही, पण त्याला कायमचं अंधारातही ठेवायचं नाही, एवढी जाण त्या छोट्याशा भागात आहे. उलट स्प्रिंग बूट ३ मध्ये पत्त्याच्या शेवटी जास्तीची तिरकी रेघ असेल तर तो पत्ता वेगळा धरला जाऊ लागला. बाहेरच्याला त्याबद्दल काही कळत नाही, पान सापडलं नाही एवढंच उत्तर मिळतं. असे बदल आम्हालाच आधी गाठावे लागतात.

म्हणून अपग्रेडची तयारी आता मी वेगळ्या टोकापासून करते. फ्रेमवर्कमध्ये काय बदललं, ही यादी तयार मिळते. तिच्याआधी मी दुसरी यादी करते: ह्या सर्व्हरवर कोण विसंबून आहे, कोणत्या कनेक्टरवरून येतं, काय गृहीत धरून येतं, आणि ते गृहीत मोडलं तर त्याचं काय बुडेल. ज्याचं काहीच बुडत नाही तिथे मी बिनदिक्कत बदल करते. क्लासचं नाव, पॅकेजचं नाव, थ्रेडची रचना, ह्यांत कुणाचं देणं नाही. जिथे कुणाचं पोट अडकलं आहे तिथे देणं फिटेपर्यंत जुनी वाट ठेवते, अरुंद आणि नजरेखाली. आणि जिथे गैरसोय आहे पण दुसरी वाटही आहे, तिथे नाही म्हणते, आणि का ते समजावून सांगते.

आत्मा आहे की नाही, ह्या वादात नैयायिक बरोबर की नागसेन, हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण दोघांकडून मी एकेक गोष्ट घेतली आहे. इंद्रियांच्या मागे कुणीतरी जबाबदार असला पाहिजे, ही नैयायिकांची. आणि तो कायमचा, न बदलणारा नसला तरी जबाबदारी चुकत नाही, ही नागसेनाची. माणसाबद्दलही मला हेच खरं वाटतं. वीस वर्षांपूर्वीची मी आणि आजची मी ह्यांत काय सारखं आहे, हे शोधत बसले तर हाती फार काही लागणार नाही. तिने दिलेला शब्द मी पाळते आहे, तिने घेतलेलं मी फेडते आहे, म्हणून मी ती आहे. बदलायचा हक्क सगळ्यांना आहे, सर्व्हरला, माणसाला, समाजालाही. तो हक्क देणी मोजून बजावला तरच आपण आपण राहतो. ८०८१ वरची सूटही कायमची नाही. शेवटच्या संस्थेत नवं यंत्र बसेल आणि त्याची पहिली नोंद ८४४३ वरून नीट आलेली आम्ही तपासू, त्या दिवशी तो कनेक्टर बंद करणं हेही माझं कर्तव्यच असेल, कारण फिटलेलं देणं उघडं ठेवणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे.